जुन्या गोव्यातील भिक्षूंचे घर

जुन्या गोव्यात उतरणारा प्रवासी बहुधा एकाच ओढीने उतरतो. बॉम जेझूच्या इगर्जीत सेंट फ्रान्सिस झेवियरची रुप्याची पेटी आहे. ती पाहिली, रस्ता ओलांडून से कॅथीड्रलच्या भव्यतेपुढे मान वर करून झाली, बाहेर येऊन शहाळे प्यायले, की त्याची यात्रा पुरी होते आणि मोटारीचा भोंगा वाजू लागतो. त्याच कॅथीड्रलच्या पश्चिमेस, आर्चबिशपच्या जुन्या वाड्याला लागून, आणखी एक इगर्जी उभी आहे. तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. वाटाडे तिचा निकाल ‘म्यूझियम’ या एका शब्दात लावतात. मी मात्र जेव्हा जेव्हा तिकडे गेलो, तेव्हा माझी पावले प्रथम तिकडेच वळली आणि पेटीचे दर्शन दुसऱ्या दिवसावर गेले.

ही असीसीच्या संत फ्रान्सिसची इगर्जी. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून आरंभीच सांगितलेले बरे. पेटीतला फ्रान्सिस झेवियर हा स्पेनमधील नवारचा, सोळाव्या शतकातला जेझुइट. तो १५४२ साली गोव्यास आला. असीसीचा फ्रान्सिस इटलीतला, त्याच्या तीनशे वर्षे आधीचा. त्याचे देहावसान १२२६ साली झाले आणि हिंदुस्थानचे तोंडही त्याने पाहिले नाही. आले ते त्याचे भिक्षू, आणि ते झेवियरच्या पंचवीस वर्षे आधी आले.

अल्फोन्सो द अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवे कायमचे जिंकून घेतले ते १५१० च्या नोव्हेंबरात. त्यानंतर सातच वर्षांनी, १५१७ साली, आठ फ्रान्सिस्कन भिक्षू मठ घालण्याच्या इराद्याने येथे पोहोचले. गव्हर्नराने त्यांना एका मृत पोर्तुगीजाची घरे दिली. त्या जागी त्यांनी तीन वेद्यांचे लहानसे प्रार्थनागृह बांधले. पुढे १५२१ साली पवित्र आत्म्याच्या नावाने इगर्जी उभी राहिली. आज आपण पाहतो ती इमारत मात्र तिच्यानंतरची, १६६१ सालची. जुनी इगर्जी पाडून त्याच जागेवर ही बांधली. पाडताना एक वस्तू मात्र राखली, ती म्हणजे दार.

ते दार पाहण्यासाठी थोडे लांब उभे राहावे. इगर्जीचा दर्शनी भाग तीन मजल्यांचा आहे, दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे आहेत, सारे चुन्याने पांढरे केलेले, साधे, जवळजवळ रुक्ष. आणि त्या पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी काळ्या दगडाची एक नक्षीदार चौकट बसवलेली आहे. नव्या वाड्याला पणजोबांच्या काळचा कोरीव दरवाजा बसवावा, तसे ते दिसते. कमान तीन पाकळ्यांची. मध्ये क्रूस आणि राजचिन्ह. दोन बाजूंना कड्याकड्यांचे गोल. ते आहेत आकाशातील ग्रहमार्ग दाखवणारी यंत्रे. ही शैली पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या कारकिर्दीतच वास्को द गामा कालिकतला लागला. समुद्र आपला झाला या आनंदात त्या पिढीने देवाच्या दारावरही खलाशांचे यंत्र कोरले. राजा मानुएल १५२१ च्या डिसेंबरात वारला. म्हणजे हे दार त्या राजाच्या शेवटच्या वर्षातले. ही शैली पुढे पोर्तुगालातच मागे पडली. गोव्यात तिचा हा नमुना शिल्लक राहिला, तो भिक्षूंनी दार मोडले नाही म्हणून.

जे दार आनंदात कोरले, ते ज्या भिंतीत पुन्हा बसवले त्या भिंतीचा काळ मात्र अगदी निराळा होता. १६६१ पर्यंत डच लोकांनी मलाक्का घेतले होते, कोलंबो घेतले होते, जाफना घेतले होते. आणखी दोन वर्षांनी कोचीन जायचे होते. त्याच १६६१ साली लग्नाच्या तहात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून लिहून दिले गेले. शहरात रोगराईने घरे ओस पडू लागली होती. अशा वेळी या भिक्षूंनी जुने पाडून मोठे बांधायला काढले! घरची स्थिती उतरू लागली की कित्येकदा माणूस मुलीचे लग्न अधिकच थाटात करतो. मला ती इमारत पाहताना दर वेळी तसे वाटते.

आत शिरल्यावर डोळे निवायला थोडा वेळ लागतो. प्रथम लागतो तो गायकांच्या सज्जाखालचा भाग. त्याची कमानदार पाठ दगडी फासळ्यांवर पेललेली आणि रंगवलेली आहे. मग समोर एकच लांब दालन. खांबांच्या रांगा नाहीत की दोन्ही बाजूंच्या वाटा नाहीत. भिंतींचे जाड जांभ्याचे टेकू आत काढलेले आहेत आणि त्या टेकूंमधल्या जागेत एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन देवळ्या बसवल्या आहेत. वर सज्जा. आपल्याकडे मोठ्या वाड्यात दोन भिंतींमधल्या पोकळीत देवघर काढतात, तशी ही काटकसरीची युक्ती. खांब नाहीत, म्हणून कोठेही बसा, प्रवचन करणारा दिसतो. फ्रान्सिस्कन हे मूळचे प्रवचनकारांचे पंथीय. त्यांच्या इगर्ज्या कीर्तनाच्या मांडवासारख्या मोकळ्या असतात, त्याचे कारण हे. आत जाताना डाव्या हाताला ते लाकडी प्रवचनपीठ आहेच, आणि त्यावर अंगभर फुले कोरली आहेत.

फुले म्हटली की त्या टेकूंच्या भिंतींकडे वळावे लागते. कारण या इगर्जीत मला सर्वांत प्रिय असे काही असेल तर त्या भिंतींवरची चित्रे. त्यांत संत नाहीत, देवदूत नाहीत. वेली आहेत, पाने आहेत, उमललेली फुले आहेत, आणि ती एकमेकांत अशी गुंतली आहेत की एखाद्या उंची छापील वस्त्राने भिंत मढवावी. यांपैकी कोणती वेल लिस्बनहून आली आणि कोणती बारदेशातल्या चिताऱ्याच्या हातून उतरली, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. एवढे खरे की गोव्यातल्या इगर्ज्यांचे लाकूडकाम, सोनारकाम, रंगकाम येथल्याच कारागिरांच्या हातचे असे. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मसभेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे करवून घेऊ नयेत असा निर्बंध घातला. ज्या गोष्टीस बंदी घालावी लागते ती चालू असलीच पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

आता मुख्य वेदी. आपल्या भाषेत गाभारा म्हणावा तशी ही जागा. येथे पाठीमागची सबंध भिंत लाकडी कोरीव कामाची आणि सोन्याच्या वर्खाची. नागमोडी खांब, पानांचे घोस, कोनाडे. मध्ये चार शुभवर्तमानकारांच्या मूर्तींनी तोललेला पवित्र प्रसादाचा मंडप. आणि त्याच्या वर दोन मोठ्या मूर्ती. क्रुसावरच्या ख्रिस्ताने एक हात खिळ्यातून सोडवून घेतला आहे आणि तो खाली उभ्या असलेल्या फ्रान्सिसला मिठीत घेत आहे. दोघेही एकाच मापाचे. युरोपातही हा प्रसंग चितारलेला आहे, पण गोव्याच्या त्या सोनेरी उजेडात तो पाहताना मला पंढरीची आठवण झाली. विठ्ठलाने कमरेवरचा हात काढून भक्ताला कवटाळावे, असे ते दृश्य आहे. खाली त्या संताची तीन व्रते लिहिली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञाधारकता.

दारिद्र्य हा शब्द सोन्याच्या भिंतीवर वाचताना कोणालाही हसू येईल. मलाही आले. पण त्या हसण्यामागे एक जुने आणि खोल दुखणे आहे, ते सांगितल्यावाचून ही इगर्जी समजत नाही.

फ्रान्सिस हा कापडाच्या सधन व्यापाऱ्याचा मुलगा. बापाशी बिनसले तेव्हा त्याने बिशपसमोर अंगावरचे कपडे काढून बापाच्या स्वाधीन केले आणि उघड्या अंगाने निघून गेला. वेदीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाकडी फळ्यांवर त्याच्या चरित्रातले असे प्रसंग रंगवले आहेत. कर्जखते इंद्रायणीत सोडणाऱ्या तुकोबांच्या महाराष्ट्राला हा माणूस परका वाटू नये. त्याने आपल्या अनुयायांना घर नको, जमीन नको, पैशाला हात लावणेही नको असे सांगितले. तो गेला आणि वीस वर्षांच्या आत प्रश्न उभा राहिला, की इतक्या भिक्षूंनी राहावे कोठे? तेव्हा पोपने तोड काढली. मठ, इगर्जी, भांडी, ग्रंथ यांची मालकी पोपची. भिक्षूंनी फक्त वापर करावा. पुढे १३२२ साली दुसऱ्या एका पोपने हीही सोय काढून घेतली. त्या काळापासून या पंथात ‘किती ठेवले तर दारिद्र्य मोडते’ यावर भांडणे झाली, फाटाफूट झाली, काही भिक्षू या वादापायी जाळलेही गेले. गोव्याला आलेले आठ जण त्या तीनशे वर्षांच्या भांडणाचे ओझे बरोबर घेऊनच जहाजातून उतरले. सोने देवाचे, आमचे काही नाही, हे उत्तर त्यांच्याजवळ तयार होते. आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांजवळही ते असतेच.

पण सोन्यापेक्षा कठीण प्रश्न वेगळाच होता. पोर्तुगीज सरकारने धर्मप्रसारासाठी गोव्याची वाटणी केली. साष्टी जेझुइटांकडे, बारदेश फ्रान्सिस्कनांकडे. बारदेशातली देवळे पाडली गेली, देवस्थानांची उत्पन्ने इगर्ज्यांकडे वळली, गावोगाव या पंथाचे पाद्री बसले. गोव्यातच नव्हे, मुंबईकर वाचकांनी बोरिवलीजवळची मंडपेश्वरची लेणी पाहिली असतील. तेथे लेण्याचीच इगर्जी करून डोक्यावर मठ बांधला, तोही याच पंथाच्या लोकांनी. हे सगळे झाले. आता ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांना धर्म सांगायचा कोणत्या भाषेत?

या प्रश्नाला या मठाच्या पंथाने दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही एकाच शतकातली आहेत. पहिले उत्तर फ्रायर गास्पार द सांव मिगेल याचे. या भिक्षूने बारदेशात राहून तेथली भाषा अशी शिकून घेतली की १६३५ च्या सुमारास तिचे व्याकरण लिहिले, आणि त्यात वाक्यरचनेचा विस्तृत भाग घातला. साष्टीत जेझुइट फादर स्टीफन्स होता. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले आणि त्याचे कोंकणी व्याकरण त्याच्या मरणानंतर १६४० साली. स्टीफन्सचे नाव मराठी वाचकाच्या तोंडी असते, गास्पारचे नसते. छापखान्याचा हा सगळा महिमा! गास्पारचे व्याकरण हस्तलिखितच राहिले. पण वाक्यरचनेकडे इतके लक्ष तेव्हा फार थोड्या युरोपीयांनी आपल्या कोणत्याही भाषेला दिले असेल. लोक बोलतात तसे बोलता आले पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. परक्या माणसाने आपल्या आईच्या बोलीतले बारकावे टिपून ठेवावेत, यात एक प्रकारचा आदर असतोच, मग त्याचा हेतू काहीही असो.

दुसरे उत्तर पन्नास वर्षांनी आले. १६०६ च्या धर्मसभेने असा दंडक घातला होता की लोकांची भाषा येत नाही त्याने गावच्या इगर्जीचा पाद्री होऊ नये. बारदेशातल्या पुष्कळ फ्रान्सिस्कनांना तो जाचू लागला. गास्पारसारखे अभ्यासू मागे पडत गेले होते आणि भाषा शिकण्याचा कंटाळा वाढला होता. आपण शिकण्यापेक्षा लोकांनीच आमची भाषा शिकावी, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि सरकारकडे तशी खटपट सुरू झाली.

त्याच सुमारास मराठ्यांची तलवार गोव्याच्या उंबरठ्यावर आली. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या लोकांनी या शहराच्या समोरचे जुवे बेट रात्रीतून घेतले. विजरई कोंद द आल्व्होर तेथून कसाबसा जीव बचावून परतला. त्याने झेवियरच्या पेटीपाशी जाऊन आपला राजदंड संताच्या चरणी ठेवला, ही हकीगत प्रसिद्धच आहे. पुढे बारदेश आणि साष्टीत मराठ्यांचा धुमाकूळ चालला. मोगलांचे सैन्य आणि आरमार जवळ आले म्हणून १६८४ च्या जानेवारीत महाराज परतले आणि शहर वाचले. पुढे पाचच महिन्यांनी, २७ जून १६८४ रोजी, त्याच विजरईने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला शिकावे. न ऐकतील त्यांना शिक्षा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कुन्हा रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने कोंकणीचा इतिहास लिहिताना या हुकुमाचे खापर सरळ फ्रान्सिस्कनांच्या माथी फोडले आहे. रिव्हारा त्यांच्यावर थोडा अधिकच रागावला असावा, असे मला वाटते. नुकतीच तलवार दारातून परतलेली असताना, जी भाषा आपल्याला समजत नाही तिची भीती राज्यकर्त्यालाही वाटली असेल. पण पाद्र्यांच्या आळसाचा भाग त्यातून वजा करता येत नाही.

तीन वर्षे गेली, तीस गेली. बारदेशातल्या बायका जात्यावर बसून जे गात होत्या ते त्यांच्याच भाषेत गात राहिल्या. हुकूम कागदावर राहिला. मात्र लिहिण्यावाचण्याची परंपरा तुटली ती तुटलीच. त्या जखमेची खूण गोव्याने पुढे फार काळ वागवली. त्या नक्षीदार लाकडी प्रवचनपीठाखाली उभा राहिलो की मला या दोन्ही उत्तरांची आठवण होते.

जमिनीविषयी सांगायचे राहिले. सबंध दालनाची फरसबंदी थडग्यांच्या शिळांची आहे. ज्या पोर्तुगीज सरदारांनी, अधिकाऱ्यांनी येथे पुरून घेतले, त्यांची कुलचिन्हे, शिरस्त्राणे, नावे, पदव्या तिच्यावर कोरल्या आहेत. शतकानुशतके पायांखाली राहून कित्येकांची अक्षरे गुळगुळीत झाली आहेत. अशा ठिकाणी आपले लोक गोंधळतात. एकदा कोल्हापूरकडचे एक कुटुंब आत आले होते. त्यातल्या आजीबाईंनी खाली काय आहे ते नातवाकडून विचारून घेतले, चपला काढून हातात घेतल्या, आणि शिळांच्या सांध्यासांध्यांवरून तोल सावरत वेदीपर्यंत जाऊन आल्या. नातू म्हणाला, “आजी, अगं त्यांना आता काय कळतंय?” आजीबाई म्हणाल्या, “त्यांना नाही, मला कळतंय.” मोठेपणा मिळवून भिक्षूंच्या पायाखाली पुरून घेण्यात त्या सरदारांची नम्रता होती, असे पोर्तुगीज सांगत. पण नाव आणि शिरस्त्राण कोरायला ते विसरले नाहीत.

पुढची हकीगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. रोगराईला कंटाळून विजरई शहर सोडून गेला. १७५९ पासून पणजीला राहू लागला. बारदेशातल्या इगर्ज्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस्कनांकडून काढून स्थानिक पाद्र्यांकडे दिल्या गेल्या. १८३४ साली पोर्तुगालात उदारमतवादी सरकारने सारे मठ बरखास्त केले आणि १८३५ त ती पाळी गोव्यावर आली. तीनशे अठरा वर्षे चाललेले हे बिऱ्हाड उठले. पलीकडच्या टेकडीवरचा ऑगस्टिनियनांचा मठ याहून मोठा होता. १८४२ साली त्याची कमान कोसळली; आज तेथे मनोऱ्याचा उभा तुकडा तेवढा दिसतो. डोमिनिकनांचा मठ तर नावालाही राहिला नाही. फ्रान्सिस्कनांचे घर उभे राहिले आणि १९८६ साली जुन्या गोव्यातील इतर इगर्ज्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले.

मठाच्या खोल्यांत १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे. पोर्तुगीज जाऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती, आणि चौकाचौकांतून उतरवलेल्या माणसांना कोठे ठेवायचे हा प्रश्नच होता. त्यामुळे भिक्षूंच्या घराला मोठे चमत्कारिक भाडेकरू लाभले. अल्बुकर्कचा पितळी पुतळा येथे आहे. १९६० साली मोठ्या समारंभाने उभारलेला कवी कामोइंशचा पुतळाही पुढे येथेच आला. वरच्या मजल्यावर विजरई आणि गव्हर्नर यांच्या तसबिरींची रांग आहे. ही प्रथा जुवांव द कास्त्रोने १५४७ साली पाडली. पुढे साठांहून अधिक माणसे त्या रांगेत येऊन उभी राहिली. काळे डगले, पांढऱ्या कॉलर, हातात राजदंड. वारंवार रंग चढवल्यामुळे बऱ्याच जणांचे चेहरे भावाभावांसारखे दिसतात.

खाली मात्र वीरगळ आहेत, कदंबांच्या काळचे. त्यांतल्या काहींवर गलबते कोरली आहेत. वल्ही मारणारे लोक, धनुष्य ओढलेला योद्धा, आणि वरच्या पट्ट्यात त्याच योद्ध्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. दारावरच्या त्या खगोलयंत्राच्या कितीतरी आधी येथल्या माणसाने समुद्रावर लढून मरण पत्करले होते आणि गावाने त्याचा दगड उभा केला होता. मठाच्या ओवरीत हे दगड आणि इगर्जीच्या दारावरचे ते गोल आता पन्नास पावलांवर नांदतात.

एक वस्तू मात्र या घरात नाही. फ्रायर गास्पारच्या व्याकरणाचे हस्तलिखित विल्यम मार्सडन या इंग्रज भाषापंडिताच्या संग्रहातून लंडनच्या पौर्वात्य विद्येच्या ग्रंथालयात जाऊन पडले. ते छापून निघाले १९६७ च्या सुमारास, आणि निघाले ते मुंबईत, मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात. तोवर त्याच्या पंथाचा मठ बंद होऊन एकशे तीसांवर वर्षे लोटली होती. बारदेशातल्या घरांतून ती भाषा चालूच होती.